अण्णांच्या सिगारपेटीला बुरशी

१० फेब्रुवारी

बुरशी! दिवसभर दुकानात लोकांच्या कोटांवरचे डाग काढायचे आणि घरी आल्यावरही सुटका नाही.

झालं असं. सकाळी अण्णा नेहमीसारखे जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. सिगारांची पेटी पुढ्यात ओढली, झाकण उघडलं, नाक आत घातलं, दीर्घ श्वास घेतला, समाधानाने मान डोलावली. मी चहाचा कप ठेवायला वाकले आणि मला असा भपकारा आला म्हणता! ओली पोती महिनाभर कोंडून ठेवावीत तसा. डोकावून पाहिलं तर झाकणाच्या आतल्या लाकडावर हिरवट ठिपके, आणि दोन सिगारांना चक्क लव फुटलेली. म्हटलं, अहो अण्णा, हे काय? चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हं."

बस्स. हं! जन्मभर मालवाहू जहाजांची इंजिनं सांभाळली माझ्या या सासऱ्यांनी. एखादा खिळा खडखडला तरी अर्ध्या जेवणावरून उठून खाली धावायचे म्हणे. आणि घरातल्या पेटीत जंगल उगवलं तर "हं".

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तूच बघ ना, तुला डाग कळतात. म्हणजे ठरलंच. जिथे जिथे डाग, तिथे तिथे मी.

११ फेब्रुवारी

नणंदबाईंचा फोन. त्या राहतात दुसऱ्या गावी, पण इथल्या घरातली टाचणी पडली तरी त्यांना आवाज जातो. त्यांचं म्हणणं, ती बुरशी नव्हेच. चांगल्या जातीची सिगार मुरली की तिच्यावर पांढरी भुकटी धरते, तो तिचा मोहोर. तू उगाच पुसूनबिसून टाकू नकोस वहिनी.

मोहोर! मी म्हटलं, मोहोर हिरवा आणि केसाळ असतो का हो? तर म्हणाल्या, फोटो पाठव. फोटो पाठवला. त्यावर उत्तर नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळी समोर आली की उंट पुढे!

१२ फेब्रुवारी

आज शांतपणे लिहिते. म्हणजे प्रयत्न करते.

पेटी सरळ कचऱ्यात टाकता आली असती. मला तंबाखूचा वास मुळी सहनच होत नाही, आणि हे मी रोज सकाळी पेटी उघडली की अण्णांना ऐकवते. चहाच्या कपाशेजारी काय हे, घर आहे की जहाजाची खानावळ, वगैरे. ते ऐकून घेतात. पण टाकायची कशी? अण्णा छातीच्या दुखण्यातून उठून दवाखान्यातून घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. हाक मारली तर ओ देत, तेवढंच. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते की यांना उठवा, बसवा, चालवा, असेच पडून राहिले तर छाती पुन्हा भरेल आणि पुढच्या वेळी मी काही सांगू शकणार नाही. नवऱ्याने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं. नणंदबाई येऊन रडून गेल्या. काही उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एक दिवस मला कपाटावर ही पेटी दिसली. जुन्या कप्तानाने दिलेली, निवृत्तीच्या वेळी. मी वैतागून ती टेबलावर आणून आदळली आणि त्यांच्या दारातून ओरडले की तुमचं हे भंगार मी ठेवू कुठे ते येऊन सांगा. आले की! भिंतीला धरून, धापा टाकत, पण आले. बसले. पेटी उघडून हुंगली. तेव्हापासून रोज सकाळी सातला येतात. ओढायला कायमची बंदी, हुंगायला डॉक्टरांची परवानगी. सिगारा खालीवर करतात, झाकण लावतात, दोनचार फेऱ्या मारतात, खातात, पेपर बघतात. सगळा दिवस त्या पेटीला टांगलेला आहे.

म्हणून पेटी टिकली पाहिजे. बुरशी गेली पाहिजे. आणि हे मीच करायचं आहे, कारण मला डाग कळतात!

१३ फेब्रुवारी

सगळ्या सिगारा इस्त्रीच्या टेबलावर पसरल्या. लव फुटलेल्या दोन टाकून दिल्या. बाकीच्या एकेक करून कोरड्या मऊ फडक्याने पुसल्या. सगळ्या एका आकाराच्या, एका रंगाच्या, आणि प्रत्येकीला असं जपून धरायचं की पापुद्रा सुटता कामा नये. तान्ह्या पोराचे कानही कोणी इतक्या प्रेमाने पुसत नसेल.

अण्णा शेजारी बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "उलटी धरलीस." म्हटलं, तुम्ही पुसता का?

१४ फेब्रुवारी

करायला गेले एक. उद्या लिहीन. फार चिडलेय.

१५ फेब्रुवारी

आमच्या दुकानात चामड्याच्या कोटांवरच्या बुरशीसाठी एक औषध येतं. जादू आहे. फवारा, पुसा, संपलं. मालकीणबाईंना विचारून बाटलीच घरी आणली. पेटी आतून बाहेरून चोळून काढली. ठिपके गेले! मी स्वतःवर इतकी खूश की नवऱ्याला हाताला धरून दाखवायला आणलं. तो आत वाकला आणि म्हणाला, "लिंबू?"

लिंबू! त्या औषधाला लिंबाचा वास असतो, चामड्यावरून तासाभरात उडून जातो. पेटी आतून उघड्या लाकडाची. रंग नाही, रोगण नाही. ते लाकूड सगळं प्यायलं. मग बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, "कच्च्या लाकडावर वापरू नये." आधी वाचायचं ना, बाई! गिऱ्हाइकाने घरी असला उद्योग करून कोट आणला की मी त्याला काउंटरवरून किती सुनावते! आता पेटी उघडली की धुतलेल्या संडासाचा वास येतो.

आणि अण्णा हुंगणार सातला.

१६ फेब्रुवारी

हुंगले.

मी ओट्याशी पाठमोरी उभी. कान तिकडे. झाकण उघडल्याचा आवाज, मोठा श्वास, मग म्हणाले, "छान. होता तसाच आहे वास."

मला आधी हायसं वाटलं आणि मग असा संताप आला! होता तसाच? घरभर लिंबू घमघमतंय! म्हणजे माझी टिंगल चाललीय का? की मन राखताहेत माझं? मला दोन्ही नको आहे. सरळ म्हणावं की सूनबाई, वाट लावलीस. मी वळून म्हटलंही, अण्णा, खरं बोला. ते म्हणाले, "खरंच बोलतोय," आणि सिगारा खालीवर करायला लागले.

दुपारी नणंदबाईंना फोनवर सांगितलं. तर म्हणाल्या, अण्णा किती मोठ्या मनाचे, तुझ्यासाठी बिचारे गिळून घेतात वहिनी. झालं! म्हणजे आता मी खलनायिका.

१९ फेब्रुवारी

पेटी गॅलरीत उघडी ठेवली, वारा लागावा म्हणून. दुकानातून येऊन बघते तर झाकण बंद! नवऱ्याने लावलं. धूळ बसेल म्हणून. त्याला समजावलं की वास जायला झाकण उघडं लागतं. तो म्हणाला, मग मला आधी सांगायचं. सांगितलं होतं! टीव्हीसमोर सांगितलं होतं, ही माझी चूक.

२० फेब्रुवारी

शेवटी काचकागद. त्याला पर्याय नव्हता. दुकान उघडायच्या आधी सकाळचा तास हातात असतो. टेबलावर जुनी चादर पसरून बसले आणि आतलं लाकूड घासायला घेतलं. वरचा पातळ थर गेला की त्याच्याबरोबर लिंबू जाईल. कोपऱ्यांत बोटं जात नाहीत. भुसा नाकात, केसांत, चहात. मी आपली बोलतेय, काय मेलं नशीब, लोकांच्या सासऱ्यांना शब्दकोड्यांचा नाद असतो, आमच्या सासरेबुवांना हे.

अण्णा समोर बसून. आज जरा जास्तच वेळ बसले. मी कप्तानाच्या खानदानापर्यंत पोचले तेव्हा ते हसले. आवाज काढून! त्याने खोकला आला, पाणी दिलं, पाठ चोळली. हसण्यासारखं काय होतं यात? मी घामाघूम झालेय आणि यांना करमणूक!

२१ फेब्रुवारी

घासणं चालू. अण्णांनी काडीला काचकागद गुंडाळून दिला, कोपऱ्यांसाठी. चांगली युक्ती आहे. मी तसं बोलले नाही, उगाच शेफारतील.

२३ फेब्रुवारी

झाली एकदाची! आतून नव्यासारखी. नाक घालून पाहिलं, स्वच्छ लाकूड, बाकी काही नाही. ओलावा दाखवणारा छोटा काटा आहे आत, तोही शहाण्यासारखा मधोमध. सिगारा सुकून फुटू नयेत म्हणून झाकणात एक स्पंज असतो, तो ओला करून पिळून बसवला. बुरशीच्या नावाने कानाला खडा.

अण्णा हुंगून म्हणाले, "होता तसाच आहे." लिंबालाही तेच, लाकडालाही तेच! या माणसाकडून शाबासकी काढणं म्हणजे दगडाला दूध मागणं.

२६ फेब्रुवारी

परत आली.

आली!! तोच कोपरा, तोच हिरवा रंग. मी खुर्चीत बसूनच राहिले. अण्णांना वाटलं मला चक्कर आली. स्वतः उठून पाणी घेऊन आले माझ्यासाठी, भिंतीला न धरता. बघितलं मी, पण तेव्हा कौतुक करायची मनःस्थिती नव्हती.

२७ फेब्रुवारी

चोर सापडला. चोर कसला, टोळीच!

स्पंज काढला तर त्यातून पाणी टपकलं. मी घट्ट पिळून ठेवलेला स्पंज. संध्याकाळी सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि विचारलं, याला पाणी कोण घालतं? नवरा नखं बघायला लागला. मग कबूल झाला. रोज कामावरून आला की तो नळाखाली स्पंज धरतो. अण्णांचं एवढंच उरलंय, सिगारा सुकायला नकोत, असं त्याला वाटतं. मी म्हटलं, आणि मला विचारायला काय झालं? म्हणे, तू आधीच चिडलेली असतेस.

मग अण्णा म्हणाले की दुपारी ते स्वतःही थोडं घालतात. आम्ही दोघं विसरलो असू म्हणून. आणि मी? मी सकाळी घालत होतेच! म्हणजे एकाच स्पंजाला घरातली तीन माणसं एकमेकांना चोरून पाणी पाजत होती. तेही साधं नळाचं. पाळण्यातल्या पोराचे एवढे लाड केले तर तेही आजारी पडेल.

मी खूप बोलले. सगळं लिहीत नाही. पण बोलता बोलता मला एकदम हसू आलं, नवऱ्यालाही आलं, आणि अण्णा तर टेबलावर हात आपटून हसले. मग मला पुन्हा राग आला, कारण पेटी घासायची कोणी? मीच.

२८ फेब्रुवारी

हुकूम. स्पंजाला हात लावणाऱ्याचा हात मोडीन. औषधाच्या दुकानातून शुद्ध पाणी आणलं. आता मी आणि फक्त मी.

घासतेय. समोर अण्णा. आज ते स्वतःहून बोलले. जहाजावर खालच्या कोठीत भिंतींना असाच ओलावा यायचा, रंग दिला की पुन्हा यायचा, आणि मुख्य इंजिनियर रोज सकाळी त्या भिंतीला शिव्या घालायचा. मी विचारलं, मग गेला का ओलावा? ते म्हणाले, "नाही. पण शिव्या ऐकायला आम्ही सगळे जमायचो."

२ मार्च

अण्णांचा खोकला वाढलाय. सकाळी पेटी उघडली की जास्त. मी मुद्दाम लक्ष ठेवलं. तीन सकाळी तेच. नवरा म्हणतो हवा बदलतेय. हवा बिचारी, तिच्यावर काहीही ढकलावं.

४ मार्च

डॉक्टरांकडे गेलो. छाती तपासली, मग विचारलं, घरात कुठे ओल, बुरशी? मी मूग गिळून बसले. नवऱ्याने सांगून टाकलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "रोज त्यात नाक घालतात? आणि तुम्ही बघत बसता?"

बघत बसते! माझी नखं झिजली घासून. पण खरं होतं ते. लाकडात खोलवर शिरलेली ती बुरशी वरून कितीही घासली तरी थोडी उरतेच, आणि घासताना उडतेच. मी त्यांच्या नाकासमोर दोन आठवडे तो भुसा उडवला. विचारच केला नाही. डाग दिसला की मला बाकी काही दिसत नाही.

डॉक्टर म्हणाले पेटी आजच घराबाहेर. सिगारांसकट. आणि माणूस हिंडताफिरता ठेवा, तेवढं एक सोडू नका. दोन्ही एकदम कसं करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

अण्णा हे सगळं होत असताना बाहेर बाकावर बसले होते. त्यांना अजून माहीत नाही.

५ मार्च, सकाळ

नवरा म्हणतो, तू सांग. तुझं ऐकतात. माझं ऐकतात? आजवर एक गोष्ट ऐकलीय? तो म्हणाला, मी सांगितलं तर ते नुसते मान हलवतात, तू निदान भांडतेस तरी. मी म्हटलं, मुलगा तू आहेस. यावर त्याचे डोळे भरले. मग मी काय बोलणार? याला भीती वाटतेय. मलाही वाटतेय. तोच पलंग, तीच भिंत, आणि या खेपेला उठवायला काही नाही.

५ मार्च, संध्याकाळ

टाकली.

दुकानातली कोटाची प्लास्टिकची पिशवी आणली, पेटी तिच्यात घातली, गाठ मारली. आधी अण्णांना सांगितलं. समोर बसून, गुळमुळीत न करता. म्हटलं, अण्णा, ही तुमच्या छातीला बाधतेय, डॉक्टरांनी बाहेर काढायला सांगितलंय आणि मी काढतेय. रागवायचं तर माझ्यावर रागवा. मी खूप प्रयत्न केला. हे शेवटचं बोलताना माझा आवाज फुटला, त्याचाही मला राग आला.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. आणि उठून खोलीत गेले.

कचऱ्याची गाडी येईपर्यंत मी खाली उभी राहिले. कोणी उचलून नेऊ नये म्हणून असं स्वतःला सांगत होते, पण खरं म्हणजे वर यायचा धीर नव्हता. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. दार लोटलेलं. मी फटीतून बघितलं. भिंतीकडे तोंड.

माझ्या हातांना अजून लाकडाचा वास येतोय. साबणाने दोनदा धुतले. हा माणूस पुन्हा पडून राहिला आणि त्याला काही झालं, तर मी कुठे तोंड दाखवू? माझा बाप मी लहानपणीच गमावला. या चिडखोर, हं म्हणणाऱ्या, कधी शाबासकी न देणाऱ्या म्हाताऱ्याचा मला इतका लळा लागलाय हे मला आज कळलं, आणि तेही कचऱ्याच्या गाडीपाशी.

६ मार्च

सातला आले. चपला घालून, केस विंचरून, खुर्ची ओढून रिकाम्या टेबलाशी बसले. मी हातातला कप तसाच धरून उभी. म्हटलं, अण्णा, पेटी नाही आता. म्हणाले, ठाऊक आहे. मग सांगितलं, दवाखान्यातून आल्यापासून त्यांना वासच येत नाही. कशाचाच नाही, चहाचासुद्धा.

मी विचारलं, मग इतके दिवस हुंगत काय होतात?

"पेटी उघडली की तू बोलायला लागायचीस. बाकी सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात."

मी कप टेबलावर ठेवला आणि समोर बसले. त्यांनी कप पुढ्यात ओढला.

"बोल की," म्हणाले. "आज गप्प का?"